आंबोली-चौकुळच्या कच्च्या रस्त्यांवर ४० मिमीचे ट्युबलेस टायर: पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा अनुभव

जंगलातल्या कच्च्या रस्त्यासाठी सायकलवर एकच खर्च करणार असाल, तर तो टायरवर करा, असं मी आता खात्रीने सांगतो.

पावसाळ्यात ७०० बाय ४० चे, म्हणजे ४० मिमी रुंदीचे ट्युबलेस (आत ट्यूब नसलेले) टायर बसवले आणि उन्हाळा सरेपर्यंत ते बहुतेक आंबोली, चौकुळ, तिलारी या पट्ट्यातच चालवले. इथली जमीन जांभ्याची. रस्ता म्हणजे लाल मुरूम, मध्येच उघडा पडलेला सडा, म्हणजे सपाट कातळ, कडेला सैल खडी. आधीच्या ३२ मिमीच्या टायरमध्ये ७० पीएसआय हवा लागायची, त्यामुळे प्रत्येक दगड मनगटापर्यंत पोचायचा. आता माझ्या सत्तर किलो वजनाला पुढे ३० आणि मागे ३४ पुरते. हात बधिर होत नाहीत, चढावर मागचं चाक जागच्या जागी फिरत नाही.

पण मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो आवाजातला फरक. कमी हवेचा रुंद टायर मुरमावरून जवळजवळ मुकाट जातो. त्यामुळे ओढ्याकाठची शीळकरी कस्तुराची शीळ सायकल चालवतानाही ऐकू येते. आणि वळणापलीकडे कारवीत काटकी मोडली, तर तीही. हा गव्यांचा मुलूख आहे. कळप रस्ता ओलांडत असेल तर लांबच थांबून त्याला पूर्ण जाऊ द्यायचं, आणि त्यासाठी तो आहे हे आधी कळायला हवं. दिवस मावळायच्या आत डांबरी रस्त्याला लागणं तर हवंच.

आता काय जमत नाही ते. आंबोलीत वर्षाला ७००० मिमीच्या आसपास पाऊस पडतो आणि जांभ्यावर शेवाळ धरतं. त्या हिरव्या कातळावर टायरची कुठलीच नक्षी कामाला येत नाही. तिथे उतरून चालायचं. चिखल मात्र टायरच्या नक्षीच्या दाण्यांमधून पटकन निघून जातो.

करवंदीच्या काट्यांची भोकं सीलंटने, म्हणजे टायरच्या आत भरलेल्या भोकं बुजवणाऱ्या द्रवाने, बिनबोभाट बुजवली. जांभ्याच्या धारेने टायरच्या कडेला चीर पडली, तेव्हा मात्र सीलंट पुरलं नाही. चिरेत प्लग (रबरी बुच) घालून, आत ट्यूब टाकून गाव गाठलं. म्हणून ट्युबलेस असलं तरी एक ट्यूब आणि पंप सोबत हवाच. एप्रिल-मेच्या उन्हात सीलंट लवकर सुकतं. मी दर दोन महिन्यांनी व्हॉल्व्ह उघडून बघतो आणि लागेल तसं भरतो. हा उपद्व्याप नको असेल आणि डांबरावरच फिरायचं असेल, तर ट्युबलेसच्या वाट्याला जाऊ नका.

मागच्या टायरचे मधले दाणे आता झिजलेत, पुढचा अजून चांगला आहे. फ्रेममध्ये जागा आहे, तेव्हा मागे ४५ मिमीचा घालणार आहे.