श्राउडचा टेन्शन गेज: एका मोसमाच्या वापरानंतर

शिडाच्या रेसिंग बोटीवर श्राउडचा, म्हणजे डोलकाठीला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणाऱ्या वायरचा, ताण मोजायला स्प्रिंगचा साधा गेज घेतला, त्याला आता अख्खा मोसम होऊन गेला. घ्यावा का, तर जरूर घ्यावा. पण त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवायची हे आधी ठरवून.

गेजवरचा आकडा म्हणजे किलो नव्हेत. वायरच्या जाडीप्रमाणे सोबतच्या तक्त्यातून ताण काढावा लागतो. मी तो तक्ता क्वचितच उघडते. अमुक वाऱ्यात बोट झकास पळाली तेव्हा जो आकडा होता, तोच आज आहे का, एवढंच मला बघायचं असतं, आणि ते काम हा गेज चोख करतो. दोन्ही श्राउडवर डेकपासून सारख्या उंचीवर टेपची खूण केली आहे, गेज कायम तिथेच लावते.

डोलकाठी मधोमध आहे की नाही, हे मात्र त्याला कळत नाही. ती एका बाजूला किंचित कललेली असली तरी दोन्ही अप्पर (काठीच्या वरच्या भागाला जाणाऱ्या) श्राउडचे आकडे जवळपास सारखेच येतात, कारण एक बाजू आवळली की ताण दुसरीकडेही चढतो. म्हणून आधी मेन हॅलयार्डला (मुख्य शीड चढवायच्या दोरीला) स्टीलची टेप बांधून वर चढवायची, दोन्ही चेनप्लेटपर्यंतचं (श्राउड बोटीला जिथे अडकतात तिथपर्यंतचं) अंतर सारखं करायचं आणि मगच गेज हातात घ्यायचा. लोअर (काठीच्या मधल्या भागाला जाणारे) श्राउड लावताना तर काठीतल्या मेनसेलच्या (मुख्य शिडाच्या) खाचेतून खालून वर बघण्याला पर्याय नाही.

आमच्या बोटीचे स्प्रेडर, म्हणजे श्राउडना काठीपासून दूर ठेवणारे आडवे दांडे, मागे झुकलेले आहेत. अप्पर आवळले की ते डोलकाठीचं पोट पुढे ढकलतात, मेनसेल सपाट होतं, फोरस्टे (काठीपासून बोटीच्या पुढच्या टोकाला जाणारी वायर) ताठ राहतो आणि जोराच्या वाऱ्यात बोट वाऱ्याच्या दिशेच्या जास्त जवळून चालते. हलक्या वाऱ्यात याच्या उलट: थोडं सैल सोडायचं, म्हणजे जिबला (पुढच्या शिडाला) पोट येतं. पण लोअर तसेच ठेवून नुसते अप्पर आवळत गेलं तर काठी जास्त वाकते आणि मेनसेलच्या क्ल्यूपासून (खालच्या मागच्या कोपऱ्यापासून) काठीच्या मध्यापर्यंत तिरप्या सुरकुत्या पडतात. त्या दिसल्या की आधी लोअरकडे बघा.

पाण्यावर गेजचा फारसा उपयोग नाही, लाटांत काटा स्थिर राहत नाही. शिवाय नियमांनुसार बोट प्रिपरेटरी सिग्नलपासून, म्हणजे नेहमीच्या क्रमात स्टार्टच्या 4 मिनिटं आधीपासून, शर्यतीत धरली जाते, आणि बऱ्याच वन-डिझाइन (सगळ्या बोटी एकसारख्या असलेल्या) वर्गांत त्यानंतर श्राउडला हात लावता येत नाही. त्यामुळे धक्क्यावर गेजने पाया बसवते आणि पाण्यावर टर्नबकलचे (श्राउड आवळायच्या आटेदार जोडाचे) फेरे मोजते. फिरवायचा तो वाऱ्याआडच्या बाजूचा, मग टॅक करून (बोट वळवून वारा दुसऱ्या बाजूला घेऊन) दुसरा. स्टेनलेसचे आटे ताणाखाली कोरडे फिरवले तर जाम होतात, ते वंगण लावलेलेच हवेत. शेवटचा निकाल वाऱ्याआडचा श्राउडच देतो: मध्यम वाऱ्यात क्लोज-हॉल्ड (वाऱ्याच्या दिशेला जमेल तेवढं जवळून) चालताना तो नुकता सैल पडायला हवा, लोंबायला नको.

तक्रार एकच, स्प्रिंगवर गंजाचे ठिपके आलेत. गोड्या पाण्याने धुऊन, पुसूनच ठेवावा. गेजबद्दल शंका आली तर 1×19 (19 तारांचा एकच पीळ असलेल्या) स्टेनलेस वायरवर सैल असताना 2 मीटर लांबी आखून घ्या. ताण दिल्यावर ती 1 मिमी वाढली, तर तो ब्रेकिंग लोडच्या (वायर तुटते त्या भाराच्या) सुमारे 5 टक्के समजायचा.

घेण्यापूर्वी अप्पर आणि लोअर दोन्हींची जाडी कॅलिपरने मोजा. एक मॉडेल ठरावीक जाड्यांनाच चालतं, आणि रॉड रिगिंगचा (वायरऐवजी सळया असतात त्याचा) गेज वेगळाच असतो.