हिवाळी कॅम्पिंगचा ‘तयार संच’ आणि आमची झालेली फसवणूक

डिसेंबर-जानेवारीत स्वतःची गाडी घेऊन स्पिती-लडाखला जायचं वेड आता परभणी, लातूर, नांदेडपर्यंत पोचलं आहे. त्याच्या मागोमाग ‘तयार संच’ विकणारेही पोचले आहेत. डिझेल हीटर, लिथियम बॅटरी, दोन स्लीपिंग बॅग, फसलेली गाडी ओढायचा दोर आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, सगळं एका खोक्यात आणि एका किमतीत. असाच संच आम्ही ७५ हजार रुपयांना घेतला. हीटर सोडला तर त्यातली एकही वस्तू लेबलावर लिहिल्याप्रमाणे निघाली नाही. पैसे गेल्याचा राग आहेच. पण त्या अलार्मच्या आत जे दिसलं, ते पाहिल्यावर गप्प बसणं मला पटेना.

विकणारा माणूस छत्रपती संभाजीनगरच्या एका वाहन प्रदर्शनात भेटला. बोलण्यात पक्का होता, आणि जे बोलत होता ते बरोबर होतं. मनालीकडून स्पितीत उतरणारा कुंझुम घाट हिवाळ्यात बर्फानं बंद असतो, म्हणून सिमला-किन्नौरकडून जा, म्हणाला. आपल्याकडचं डिझेल तिथल्या थंडीत गोठून फिल्टरमध्ये अडकतं, हेही त्यानंच सांगितलं. लडाखसाठी इंडियन ऑइलनं २०१९ साली उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं हिवाळी डिझेल आणलं, ही माहितीही त्याच्याकडे होती. हे सगळं खरं आहे. अशा खऱ्या माहितीच्या आडून तो खोटा माल विकत होता. त्याच्या मोबाइलमध्ये बर्फात उभ्या गाड्यांचे फोटो होते, ‘आपल्याच गिऱ्हाइकांचे’ म्हणून दाखवायचे. निम्मे पैसे आगाऊ आणि निम्मे माल ट्रान्सपोर्टला पडल्यावर, दोन्ही वेळा यूपीआयनं, एका व्यक्तीच्या नावच्या खात्यावर.

माझे मेहुणे पाण्याच्या मोटारी रिवाइंडिंग करतात. मोटार विहिरीत सोडण्याआधी काठावर चालवून बघायची, हा त्यांचा नेम आहे. खोकं आलं तसं ते म्हणाले, “दाजी, एवढ्या लांब न्यायचं सामान आहे, आधी इथं चालवून बघू.” हा शब्द त्यांनी काढला नसता तर काय झालं असतं, याचा विचार अजून मनातून जात नाही.

सुरुवात बॅटरीपासून केली. लेबलावर १२.८ व्होल्ट, १०० एएच (अँपिअर-तास). एवढ्या क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी साधारण दहा-बारा किलोची असते, म्हणून आधी काट्यावर ठेवली. साडेदहा किलो भरली. वजन बरोबर! मेहुण्यांचं तरीही समाधान होईना. त्यांनी ती चार्जरला लावून पूर्ण भरली आणि तिच्यावर गाडीच्या हेडलाइटचा ६० वॅटचा बल्ब लावून ठेवला. हिशोब सरळ आहे. ६० वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर सुमारे ५ अँपिअर ओढतो, म्हणजे १०० एएचची बॅटरी वीस तासांच्या आसपास चालली पाहिजे. आमचा बल्ब सात तासांत विझला. पुन्हा भरली, पुन्हा लावली, तेवढ्याच वेळात गेली.

मग ती घेऊन परभणीतल्या बॅटरीवाल्या चाचांकडे गेलो. उघडण्याआधी सील, लेबल, नंबर सगळ्याचा व्हिडिओ केला आणि झाकण काढेपर्यंत मोबाइल बंद केला नाही. आत एका बाजूला गोल सेल लावलेले, ६ एएचचे, चार-चारच्या सहा ओळी. म्हणजे झाले ३६ एएच. उरलेल्या जागेत थर्माकोल, आणि थर्माकोलच्या मध्ये फरशीचे तुकडे चिकटटेपनं घट्ट बांधलेले. काट्यावर वजन भरावं म्हणून! चाचा तुकडे हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले. “दादा, माल तर अर्धा पण नाही ह्याच्यात,” म्हणाले. मग त्यांनी सेलवर बसवलेलं सर्किट दाखवलं. शून्य अंशाखाली लिथियम बॅटरी चार्ज केली की आत धातूचा लिथियम साठतो आणि बॅटरी कायमची खराब होते. म्हणून चांगल्या बॅटरीत तापमान ओळखून चार्जिंग तोडणारा सेन्सर असतो. विक्रेत्यानं आम्हाला ‘उणे २० लाही बिनधास्त चार्ज करा’ म्हणून सांगितलं होतं. सर्किटवर सेन्सरची वायरसुद्धा नव्हती.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. डिझेल हीटर सुरू होताना काही मिनिटं ८ ते १० अँपिअर घेतो, पुढे एक-दोन अँपिअरवर चालतो. १०० एएच धरून बेत आखणाऱ्या माणसाचा ३६ मध्ये दुसऱ्या रात्रीच खेळ संपतो. आणि चालू हीटरची वीज एकदम गेली की त्याचा पंखा थांबतो, आतला तापलेला भाग थंड होत नाही, हीटरही निकामी होऊ शकतो. स्पितीतलं काझा समुद्रसपाटीपासून सुमारे ३,७०० मीटरवर आहे. जानेवारीतली रात्र तिथं उणे २० पर्यंत उतरते. तशा रात्री, आसपास माणूस नाही, अशा जागी हीटर बंद पडलेल्या गाडीत कुणाचं लेकरू झोपलेलं असेल, ही कल्पनाच करवत नाही.

स्लीपिंग बॅगचं थोडक्यात सांगतो. ‘उणे २०, पक्ष्यांची पिसं’ असं लिहिलेलं. परभणीची थंडी काही स्पितीची नाही, पण कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेतला पारा दर हिवाळ्यात बातम्यांत येतो, तेव्हा परीक्षेपुरती थंडी घरचीच होती. मेहुण्यांच्या शेतातल्या आखाड्यावर उघड्यावर बॅग टाकून झोपलो. पहाटे दात वाजायला लागले आणि शेवटी घोंगडी ओढून घ्यावी लागली. सकाळी एक शिवण उसवून आतला चिमूटभर भराव काडीनं पेटवला. पीस जळलं तर केस जळल्याचा वास येतो आणि राख चुरते. इथं भराव वितळून टणक काळा मणी झाला, म्हणजे साधं पॉलिस्टर. अजून एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत. आंतरराष्ट्रीय मानक पाळणाऱ्या बॅगवर तापमानाचे तीन आकडे असतात: आरामात झोपता येईल तो, जेमतेम निभेल तो, आणि फक्त जीव वाचण्यापुरता तो. एकच आकडा लिहिलेला असेल आणि तो कशाचा हे सांगितलेलं नसेल, तर ती बॅग घेऊच नका.

दोर आपल्या भागातल्या लोकांसाठी जास्त महत्त्वाचा, कारण बर्फ वर्षातून एकदा, पण काळ्या रानातला चिखल दर पावसाळ्याला. ‘ताणणारा नायलॉन दोर, १२ टन’ म्हणून दिला होता. खरा नायलॉनचा दोर ओढताना वीस टक्क्यांच्या आसपास ताणतो आणि झटका स्वतःत जिरवतो, म्हणून तो फसलेली गाडी काढायला चालतो. आम्ही दोराचा तुकडा हौदात बुडवून, दाबून, पूर्ण भिजवून सोडला. तो लगेच वर येऊन तरंगायला लागला. नायलॉन पाण्यापेक्षा जड असतं, बुडतं. तरंगतं ते पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे आपण कडबा बांधायला वापरतो त्या जातीचं. असा दोर झटक्यानं तुटला तर त्याच्या टोकाची लोखंडी कडी गोळीसारखी येते. दोर ओढताना लोकांना दूर उभं करायचं ते याचसाठी. कडीवर किती टनांची ते कोरलेलं असावं लागतं. आमच्या कडीवर स्टिकर होतं, नखानं निघालं.

आता अलार्म.

डिझेल हीटरचा धूर पाइपानं गाडीबाहेर सोडायचा असतो. पाइपाचा जोड सैल झाला किंवा धुराचं तोंड बर्फानं बुजलं तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटीनं त्याला धरतं. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग गुंगी येते. उंचावर नेमकी हीच लक्षणं विरळ हवेमुळेही होतात. म्हणून गाडीतला माणूस ‘उंचीचा त्रास आहे, झोपलो की बरं वाटेल’ असं म्हणून झोपतो, आणि उठत नाही. अशा वेळी जागं करायला तेवढा अलार्मच असतो.

आमच्या अलार्मचं टेस्टचं बटण दाबलं की तो जोरात वाजायचा. विक्रेत्यानं प्रदर्शनात तेच वाजवून दाखवलं होतं. पण बटण फक्त भोंगा आणि सेल तपासतं. गॅस ओळखणारा सेन्सर आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही. मेहुण्यांच्या ओळखीतल्या एका हॉटेलवाल्याकडे चांगल्या कंपनीचा अलार्म होता, तो मागून आणला. घरापासून लांब, उघड्या अंगणात, झाकणाच्या पत्र्याच्या कोठीत धुमसते कोळसे ठेवले आणि दोन्ही अलार्म आत टांगून झाकण लावलं. आम्ही वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभे राहिलो. युरोपीय मानकाप्रमाणे हवेत दहा लाखात ३०० भाग कार्बन मोनॉक्साइड असेल तर अलार्म तीन मिनिटांच्या आत वाजलाच पाहिजे. हॉटेलवाल्याचा अलार्म थोड्याच वेळात किंचाळायला लागला. आमचा तासभर मुका होता. थंड झाल्यावर खोलला. आत एक भोंगा, एक हिरवा दिवा, सेल आणि बटण. सेन्सर नव्हताच. सेन्सरची जागा रिकामी होती, सोल्डरसुद्धा लावलेलं नव्हतं.

कमी एएचची बॅटरी विकणारा लबाड असतो. पण वाजण्याचं सोंग करणारी रिकामी डबी जीव वाचवणारं यंत्र म्हणून विकणाऱ्याला काय म्हणावं? तो हिरवा दिवा बघून एखादी आई निर्धास्त झोपली असती.

विक्रेत्याला फोन केला तेव्हा आधी ‘तुम्हाला वापरता आलं नाही’ हे ऐकवलं. मग ‘कोळशानं वाजत नाही, फक्त हीटरच्या धुरानं वाजतो’. हे साफ खोटं आहे, वायू एकच. फरशीचा फोटो पाठवल्यावर आमचा नंबर ब्लॉक झाला. बिलावरचा जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर टाकून पाहिला, तर तो भलत्याच धंद्याचा आणि रद्द झालेला निघाला. ही तपासणी कुणालाही फुकट, मोबाइलवर करता येते. पैसे देण्याआधी करा.

आम्ही १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही. १९३० ला जितक्या लवकर फोन जाईल तितकी खात्यातली रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. आमच्या वेळी पैसे पुढे गेलेले होते. आता जिल्हा ग्राहक आयोगात जातो आहोत. २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, विक्रेत्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मुदत दोन वर्षांची. ई-जागृती पोर्टलवरून तक्रार घरबसल्या भरता येते.

याच माणसाकडून लातूरच्या काही पोरांनीही संच घेतल्याचं कळलं. त्यांचं निघायचं ठरलेलं होतं. फोनवर बोलता बोलताच त्यांनी अलार्म उघडला आणि तशीच रिकामी पाटी निघाली. एकाच माणसानं फसवलेले ग्राहक, आयोगाची परवानगी घेऊन, एकत्र तक्रार करू शकतात, तेव्हा ती पोरं आता आमच्यासोबत आहेत. तुमच्याकडे असा संच असेल तर अलार्म आजच काढून ठेवा आणि नवा घेईपर्यंत हीटर लावू नका. रागानं काही फेकू नका. खोकं, ट्रान्सपोर्टची पावती, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, विक्रेत्याचे मेसेज सगळं जपून ठेवा, आणि बॅटरी उघडायचीच असेल तर जाणकाराकडूनच, व्हिडिओ चालू ठेवून.