सेंटर शाळेपर्यंत येतं का ते आधी विचारा - चौदा महिन्यांचा अनुभव

आमचा मुलगा साडेसात वर्षांचा आहे, दुसरीत, मराठी माध्यम, ऑटिझम आहे आणि बोलणं कमी आहे. गेल्या वर्षी जूनपासून सिंहगड रोडच्या या थेरपी सेंटरला येतोय, ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामं स्वतः करायला शिकवणारी) आणि स्पीच थेरपी आठवड्यातून दोन-दोनदा, आणि त्यांचं स्कूल सपोर्ट म्हणून जे आहे, म्हणजे शाळेत येऊन मदत करणं, ते पण घेतलंय. इथले बाकीचे रिव्ह्यू वाचले, स्टाफ छान, जागा स्वच्छ असंच सगळ्यांनी लिहिलंय, ते खरंच आहे पण नवीन पालकाला त्यातून काही ठरवता येत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

याआधी आम्ही दुसरीकडे आठ महिने काढले. नाव लिहीत नाही. साठ सेशनचे पैसे आधी भरून घेतले, आत बॉल पूल, झोपाळे, सगळं चकाचक, आणि आम्ही बाहेर काचेपाशी बसायचं. वहीत रोज एकच शेरा, गुड सेशन. घरी काय करून घेऊ विचारलं की ते आमच्यावर सोडा म्हणायचे. वर सांगितलं की घरात मराठी बंद करा, फक्त इंग्लिश बोला, दोन भाषांनी मूल गोंधळतं. सासूबाईंना इंग्लिश येत नाही, त्यांनी बिचाऱ्यांनी नातवाशी बोलणंच सोडलं. रात्री त्याला मांडीवर घेऊन गाणं म्हणायच्या ते पण बंद. चार महिने घरात असं चाललं होतं, आठवलं की अजून पोटात कालवतं.

इथे पहिल्या दिवशी सेंटरच्या मॅडमनी फाईल बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, सकाळी डोळे उघडल्यापासून शाळेच्या गेटपर्यंत काय काय होतं ते सांगा. दीड तास नुसतं ऐकत होत्या. मराठीचं विचारलं तर म्हणाल्या, जी भाषा घरात प्रेमानं बोलली जाते तीच त्याची भाषा, आजींना सांगा रोज बोला. आणि मग म्हणाल्या, प्लॅन शाळा बघितल्याशिवाय लिहिणार नाही. मला तेव्हाच बरं वाटलं.

शाळेत त्यांची एक ताई दिवसभर मागच्या बाकावर बसून होती. तेव्हा आमची मोठी अडचण डब्याची होती. सकाळी दिलेला डबा दुपारी तसाच्या तसा परत, आणि पोरगं साडेबाराला घरी आलं की भुकेनं कळवळून रडायचं. मी पोळीचा रोल करून बघितला, शिरा, इडली, मऊ भात, सगळं झालं, बाई म्हणायच्या तो हट्टी आहे. ताईच्या कागदावर असं होतं: ९.५० घंटा. ९.५१ दोन्ही हात कानावर. ९.५२ शेजारच्या मुलाच्या डब्याकडे बघून नाक दाबलं. ९.५४ स्वतःचा डबा न उघडता दप्तरात. बस, चार ओळी. वर्गात अठ्ठेचाळीस मुलं, सगळी एकदम स्टीलची झाकणं उघडतात, तो खणखणाट आणि अठ्ठेचाळीस भाज्यांचा वास एकत्र. एवढे दिवस मी पदार्थ बदलत बसले होते.

उपाय काय तर घंटेच्या पाच मिनिटं आधी तो आणि वर्गातला एक मित्र स्टाफरूमच्या बाहेरच्या व्हरांड्यात बसून खातात. मित्र रोज पाळीनं बदलतो, मुलं आता माझी पाळी माझी पाळी करून भांडतात. तिसऱ्या दिवशी अर्धी पोळी संपली होती. मी किचनच्या ओट्यापाशी तो डबा हातात धरून रडले.

शॅडो टीचर, म्हणजे वर्गात आपल्या मुलाच्या मदतीला बसणारी ताई, तिच्याबद्दल नीट वाचा, कारण यात पालक खूप फसतात. बऱ्याच ठिकाणी शॅडो एकदा लागली की ती वर्षानुवर्षं मुलाच्या शेजारी बसलेली असते, बाईंनी सांगितलेलं ती परत सांगते, मग मूल बाईंकडे बघतच नाही आणि बाईंना पण वाटतं की हा आपला नाही, त्या ताईचा आहे. इथे पहिल्याच महिन्यात लिहून दिलं की ताई कधी कशी बाजूला होणार, आधी शेजारी, मग दोन बाक मागे, मग दाराबाहेर, मग आठवड्यातले दोनच दिवस. बाकावर वेल्क्रोची पट्टी आहे, वही, पाणी, खेळ, घर अशी चित्रं लावलेली, झालं की तो स्वतः काढून खिशात टाकतो. मोबाईलवर जेलो म्हणून अॅप टाकायला सांगितलं, आयआयटी बॉम्बेनं केलंय, फुकट आहे आणि मराठीत आहे. चित्र दाबलं की ते बोलतं. आता बाईंना पण त्याचं कळतं. ताई सध्या सोमवारी आणि गुरुवारी येते. मागच्या सोमवारी ती आजारी होती, मी धास्तावले होते, पण बाईंनीच आठवणीनं घंटेच्या आधी त्याला बाहेर पाठवलं आणि डबा रिकामा आला.

बाई पहिल्यापासून अशा नव्हत्या. सुरुवातीला शाळेनं स्पष्ट सांगितलं होतं की आमच्याकडे असा स्टाफ नाही, तुम्ही स्पेशल स्कूल बघा. मॅडम माझ्याबरोबर मुख्याध्यापिकांकडे आल्या. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ ची झेरॉक्स काढून आणली होती, त्यातलं कलम १६ दाखवलं की सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांनी अशा मुलांना भेदभाव न करता घ्यायचं आणि लागेल ती सोय करायची, आणि कलम ३१, चाळीस टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर सहा ते अठरा वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या स्पेशल स्कूलमध्ये मोफत शिक्षण. पसंती आईबापाची, शाळेची नाही. पण आवाज चढवला नाही. उलट म्हणाल्या, बाईंकडे अठ्ठेचाळीस मुलं आहेत आणि याचं ट्रेनिंग त्यांना कुणी दिलेलं नाही, आम्ही मदतीला येतोय. बाईंसाठी एक पान मराठीत लिहून दिलं. सुप्रीम कोर्टाच्या २०२१ च्या निकालानंतर केंद्र सरकारनं २०२२ मध्ये ठरवून दिलंय की प्राथमिकला अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा. आमच्या शाळेत एकही नाही, म्हणून शॅडोचे महिन्याचे पंधरा हजार आम्ही भरतो. हे सेंटरचं चुकतंय असं नाही, पण ज्यांना परवडत नाही त्या आईनं काय करायचं हा विचार डोक्यातून जात नाही.

कागदपत्रांचं पण इथे खरं सांगतात. सेंटरचा रिपोर्ट म्हणजे दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट नव्हे. ते सरकारी दवाखान्यातूनच मिळतं, तिथे इसा (ISAA) नावाची ऑटिझम मोजायची चाळीस प्रश्नांची टेस्ट करतात, सत्तर किंवा जास्त स्कोर आला तर ऑटिझम धरतात, मग यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. नॅशनल ट्रस्ट या सरकारी संस्थेची निरामय आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, थेरपीचे पैसे पण ठराविक मर्यादेत मिळतात, ती आम्हाला इथेच कळली. बिलावर थेरपिस्टचा आरसीआय नंबर, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडचा नोंदणी नंबर, न मागता छापून देतात. तुम्ही कुठेही जा, स्पेशल एज्युकेटर आणि स्पीचवाल्यांचा हा नंबर मागाच. आधीच्या ठिकाणी आम्ही मागितला तेव्हा विषय बदलला होता.

आता जे खटकलं ते. पहिला प्रोग्रेस रिपोर्ट बारा पानी आणि पूर्ण इंग्लिशमध्ये होता, सासूबाई दिवसभर पोराबरोबर असतात आणि त्यांनाच वाचता येईना. बोलल्यावर आता मराठीत पण देतात, पण ते मागावं का लागावं? जानेवारीत स्पीचच्या ताई सोडून गेल्या ते आम्हाला फक्त चार दिवस आधी सांगितलं. आमच्या मुलांना माणूस बदलला की काय होतं हे यांना नाही कळणार तर कुणाला, तीन आठवडे तो दारातच बसून राहायचा. नवीन ताई चांगल्या आहेत पण हे नीट करायला हवं होतं. चोवीस तास आधी कळवलं नाही तर पूर्ण फी कापतात, मेल्टडाऊन, म्हणजे सगळं असह्य होऊन मूल एकदम कोलमडतं ते, काही आदल्या दिवशी सांगून येत नाही, यावर मी त्यांच्याशी बोलले, अजून काही बदललेलं नाही. दुसरा मजला आहे आणि लिफ्ट नाही. शनिवारी बाहेरच्या खोलीत इतकी गर्दी असते की मूल सेशनच्या आधीच थकतं, बुधवार-गुरुवारचा स्लॉट मागा.

सेशन पंचेचाळीस मिनिटांचं, सातशे रुपये, स्कूल व्हिजिटचे वेगळे बाराशे. पॅकेजची सक्ती नाही, महिन्याच्या महिन्याला भरा. पाचातले चार स्टार देते, पाचवा त्या जानेवारीसाठी राखून ठेवलाय. पहिल्या भेटीला जाताना शाळेची डायरी आणि मुलाच्या दिवसाचं वेळापत्रक घेऊन जा, आणि घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना पण न्या, मॅडम त्यांच्याशी वेगळं बसून बोलतात.