दादरचं बौद्धिक चाचणी सेंटर: आकडा देऊन मोकळे होत नाहीत, नीट समजावतात

दादर वेस्टला, स्टेशनपासून चालत जाण्यासारखं. लेकाला बौद्धिक अक्षमता आहे, त्याची चाचणी करायची होती कारण तो आता दहाचा होतोय, दिव्यांग सर्टिफिकेट ठरावीक वयात रिन्यू करावं लागतं, आणि शाळेनेही नवीन रिपोर्ट मागितलेला. पाचपैकी चार स्टार.

इथल्या सायकॉलॉजिस्ट मॅडम आधी लेकाशी बोलल्या, माझ्याशी नंतर. ट्रेनने आलास का, खिडकी मिळाली का, असं चाललेलं, तो खुलला आणि मग त्यांनी सेग्विन बोर्ड काढला. म्हणजे लाकडी फळी, तिच्यात गोल चौकोन चांदणी असे दहा आकारांचे खाचे, त्यात ठोकळे बसवायचे, तीनदा लावायला देतात आणि वेळ बघतात. चांदणी काही केल्या बसेना, मी पुढे वाकले तर मॅडमनी नुसता हात वर केला, थांबा. त्याने फिरवून फिरवून ती बसवलीच आणि स्वतःच टाळ्या वाजवल्या. नंतरची बिने-कामत, म्हणजे आयक्यू काढायची टेस्ट, पूर्ण मराठीत घेतली. मुळात कामतांनी ती मराठी आणि कानडी मुलांसाठीच बसवली होती, तरी याआधी एका ठिकाणी लेकाला सगळे प्रश्न हिंदीतून विचारले होते आणि तो नुसता बघत बसलेला, त्याचा स्कोअर काय येणार सांगा.

खरा वेळ गेला तो व्हाइनलँडमध्ये. ही टेस्ट आपल्याला विचारून होते, मूल रोजचं काय काय स्वतः करतं, जेवण, कपडे, आंघोळ, रस्ता, सुट्टे पैसे. सासूबाई सोबत होत्या, त्या म्हणाल्या बटणं नाही येत त्याला लावायला. मॅडम म्हणाल्या, आजी, येत नाहीत की सकाळी व्हॅन खाली हॉर्न देते म्हणून तुम्ही लावता? आणि तिथेच त्याला शर्टाची वरची दोन बटणं लावायला सांगितली. वेळ लागला पण लावली ना! माझ्यासाठी अख्ख्या फीचे पैसे इथेच वसूल झाले.

हे एवढं का लिहितेय, तर आपल्याकडे बौद्धिक अक्षमता म्हटलं की सगळे फक्त आयक्यू विचारतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही गोष्टी आहेत, शिकणं-विचार करणं-प्रश्न सोडवणं ही एक आणि रोजचे व्यवहार जमणं ही दुसरी. नुसता आयक्यू ७० च्या खाली आला म्हणून कुणी शिक्का मारू नये आणि कुणी मारून घेऊही नये. आणि हा मानसिक आजार नाही, कायद्यातही ते वेगळं आहे. आमच्या नात्यात अजून विचारतात की डोक्याचं औषध चालू आहे ना, अहो कसलं औषध, त्याला शिकवायला माणूस लागतं आणि वेळ लागतो.

सर्टिफिकेटवर दिव्यांगत्वाचे जे टक्के असतात, त्यांचंही मॅडमनी कागदावर लिहून समजावलं. केंद्राच्या २०१८ च्या गाइडलाइन्समध्ये (२०२४ मध्ये त्यांच्या जागी नव्या आल्या) व्हाइनलँडच्या स्कोअरवरून टक्के ठरायचे, ५५ ते ६९ म्हणजे सौम्य, त्याला ५० टक्के, ३६ ते ५४ मध्यम, त्याला ७५, त्याखाली ९० आणि १००. म्हणजे सर्टिफिकेटवर ७५ दिसलं तर मुलाची ७५ टक्के बुद्धी गेली असा अर्थ अजिबात नाही, सवलती कुणाला मिळणार ते ठरवायला केलेली ती सोय आहे, ४० च्या वर असलं की बहुतेक योजना लागू होतात. हे इतकी वर्षं आम्हाला कुणीही सांगितलं नव्हतं, सरकारी नाही आणि प्रायव्हेटही नाही.

आता एक स्टार का कापला. रिपोर्ट फक्त इंग्रजीत आहे, पाच पानं, आणि मराठी कॉपी मागितली तर रिसेप्शनवर म्हणे तशी पद्धत नाही. चाचणी मराठीत होते तर रिपोर्ट का नाही? घरात तो सगळ्यांना वाचता यायला हवा, आजी-आजोबा दिवसभर त्याच्यासोबत असतात, शिकवायचं काय ते त्यांनाच आधी कळायला पाहिजे. शिवाय जिना अरुंद आहे, लिफ्ट नाही, व्हीलचेअरवाल्या मुलाला वर कसं नेणार देव जाणे.

एक लक्षात ठेवा, इथला रिपोर्ट म्हणजे सर्टिफिकेट नाही. त्यासाठी यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राच्या पोर्टलवर अर्ज भरून सरकारी हॉस्पिटललाच जावं लागतं, तिथले डॉक्टर मुलाची त्यांची वेगळी तपासणी करतात, तरी हा रिपोर्ट फाइलला लावून न्या. अपॉइंटमेंट सकाळचीच मागा, दुपारी पोरं कंटाळतात, आणि नाश्ता करवूनच न्या कारण दोन तास सहज जातात.