आमच्या ड्राटहार कुत्रीसाठी सापडलेल्या ट्रिमिंगवाल्या बाई

पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी आस्ताला टेबलावर घेतलंच नाही. दारातच उकिडव्या बसल्या, तिला हात हुंगू दिला, मग पाठीवरचे चिमूटभर केस धरून जरासे ओढले आणि मला विचारलं, "हिला मशीन कुणी लावलं?" माझ्या पोटात कालवलं. लावायला मीच सांगितलं होतं.

आस्ता ड्राटहार आहे. तारेसारख्या केसांची जर्मन शिकारी जात. उंची ६१ सेंटिमीटर, वजन २९ किलो, रंग तपकिरी-कबरा, दाढी आणि भुवया एखाद्या म्हाताऱ्या पाटलासारख्या. मूळ ती इथल्या, जर्मनीतल्या आमच्या शेजारच्या आजोबांची. या जातीची पैदास करणारे लोक पिल्लं शक्यतो शिकाऱ्यांनाच देतात, आमच्यासारख्यांच्या घरी ही जात सहसा येत नाही. पण आजोबांचे गुडघे गेले, लेकीकडे राहायला जायचं ठरलं आणि चार वर्षांची आस्ता २०२१च्या शरदात आमच्या दारात आली. सोबत कागदांची फाइल. ड्राटहारवाल्यांची संघटना १९०२ सालची, सगळं नोंदवून ठेवतात. तिच्या परीक्षांचे गुण, पाण्यातलं काम, रानातलं काम, आणि केसांसाठी वेगळा शेरा: 'फार चांगले'. त्याच केसांचं मी सहा महिन्यांत वाटोळं केलं.

माझ्या वडिलांकडे फलटणला कारवानी कुत्र्या होत्या, आखूड केसांच्या. अंगावरून ओला फडका फिरवला की झालं. त्यामुळे वसंतात आस्ता पिंजारल्यासारखी दिसायला लागली तेव्हा मी शहरातल्या एका मोठ्या सलूनमध्ये वेळ घेतली. तिथे विचारलं, "ट्रिमेन की शेरेन?" शेरेन म्हणजे मशीन, चाळीस मिनिटं. ट्रिमेन म्हणजे अडीच तास आणि दुप्पट पैसे. आपल्याकडे ट्रिम म्हणजे थोडं थोडं कापणं. दोन्हीत कापायचंच आहे तर मग लवकरचं बरं, असं मला वाटलं. इथे मात्र कुत्र्याच्या बाबतीत ट्रिमेन म्हणजे मेलेले केस हातानं उपटून काढणं, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात त्याचे परिणाम दिसले. या जातीच्या अंगावर दोन थर असतात: आत दाट लोकर, वर दोन ते चार सेंटिमीटरचे काथ्यासारखे राठ केस. पाणी वरच्या थरावरून निथळतं, काटे अडकत नाहीत. मशीन केस मधोमध तोडतं. मेलेला बुंधा आत तसाच राहतो, नवा राठ केस वर यायला जागा मिळत नाही आणि लोकर माजते. आस्ताची पाठ मऊ झाली, रंग फिका पडला. एर्म्स नदीत डुंबून आली की तासन्‌तास ओली. रानातून आली की पोटाखाली चिकट बोंडांच्या गाठी. आजोबा भेटायला आले, त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि काहीच बोलले नाहीत. त्यांनी रागावलेलं मला परवडलं असतं.

या बाईंचा पत्ता आमच्या जनावरांच्या डॉक्टरांनी दिला. बाद उराखच्या अलीकडचं एक गाव, जुन्या गोठ्याची केलेली एक खोली. एक टेबल, एक दिवा, खिडकीजवळ मालकाला बसायला लाकडी बाक. आणि हो, बसायचंच. कुत्रं सोडून जा, असं त्या सांगत नाहीत.

त्यांचं काम मी दर वेळी जवळून बघते आणि अजून कंटाळले नाही. डाव्या तळव्यानं कातडी ताणून धरायची, उजव्या अंगठ्याला आणि तर्जनीला रबरी टोपणं, त्यावर खडूची भुकटी. पाच-सात केस टोकाशी धरायचे आणि वाढीच्या दिशेनं सरळ ओढायचे. मनगट हलत नाही, कोपरापासून ओढ येते. मेथी निवडणाऱ्या बाईचे हात जसे न बघता चालतात तसे. पिकलेला केस विरोध न करता सुटून येतो. 'ट्रिमराइफ' हा त्यांचा शब्द, म्हणजे उपटायला पिकलेला. केस पिकलेले नसले तर सरळ परत पाठवतात. आम्हाला एकदा तीन आठवडे थांबायला लावलं आणि त्या दिवसाचे पैसे घेतले नाहीत. पोट, मांडीची आतली बाजू, कानाची कड इथली कातडी नाजूक, तिथे हळूच कात्री. आस्ता पहिला अर्धा तास उभी राहते, मग टेबलावरच आडवी होते आणि घोरते. दुखत असतं तर घोरली नसती.

बिघडलेले केस सावरायला चार खेपा लागल्या, सुमारे दीड वर्ष. "घाई केली तर पुन्हा पहिल्यापासून," असं त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. आता वर्षातून दोनदा पुरतं.

पैसे: ११० युरो, रोख. कार्ड चालत नाही. वेळ दीड-दोन महिन्यांनी मिळते आणि फोन फक्त संध्याकाळी उचलतात. आंघोळ घालून देत नाहीत. त्यांच्या मते धुतलेले केस बोटांतून निसटतात आणि शाम्पूनं राठपणा जातो. चिखल वाळला की ब्रशनं झाडायचा, बस. ज्यांना कुत्रं सुगंधी आणि फुललेलं घरी न्यायचं आहे त्यांची इथे निराशा होईल. गाडी लावायलाही जागा नाही, चर्चपाशी लावून चालत यावं लागतं. एवढंच काय ते उणं.

मला मात्र त्या पैशात शिक्षणही मिळालं. दाढी जेवणानंतर रोज पुसायची आणि कोरडी करायची, नाहीतर खालची कातडी लाल होते. कान पडलेले म्हणून आतून दर आठवड्याला बघायचे. या भागात गोचिडांमुळे माणसांनाही मेंदूज्वराचा धोका, तेव्हा मार्चपासून फिरून आलं की दाट केसांत बोटं घालून कातडीपर्यंत चाचपायचं; नुसतं वरून बघून या जातीत गोचीड दिसत नाही. आणि जूनपासून गवताची कुसळं. गेल्या वर्षी त्यांनी आस्ताच्या पुढच्या पंजात, दोन बोटांच्या मधे, एक कुसळ शोधलं. मला नुसते चिकटलेले केस वाटले होते. त्यांनी दिवा खाली ओढला, चिमट्यानं ते सरळ बाहेर काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. टोक आत शिरायला सुरुवात झालेली, मागच्या बाजूला बारीक उलटे काटे, म्हणजे पुढेच सरकणार. आणखी दोन दिवस गेले असते तर डॉक्टरांकडे चीर द्यावी लागली असती. त्याचे वेगळे पैसे नाहीत.

श्टुटगार्ट, ट्युबिंगेन, रॉयटलिंगेन या बाजूला कुणाकडे ड्राटहार असेल, किंवा राठ केसांचं दुसरं कुठलं शिकारी कुत्रं, आणि पाठीचे केस ओढल्यावर सहज हातात येत असतील, तर आजच फोन करा; पत्ता मी वैयक्तिक निरोपात देईन. मशीन लावून आणलं असेल तरी जा, आणि जाताना खरं सांगा.

गेल्या ऑक्टोबरात आजोबा आमच्याबरोबर आले होते, काठी टेकत, चर्चपासून हळूहळू चालत. अडीच तास बाकावर बसले. काम झाल्यावर आस्ताच्या पाठीवरून उलटा हात फिरवला, शेपटीकडून मानेकडे, आणि बाईंना म्हणाले, "आता पाण्यात सोडायला हरकत नाही." घरी जाताना आम्ही नदीपाशी थांबलो.