आल्ता मुर्जाच्या चुनखडकावर तीन दिवस: एका माउंटन बाइक सफरीचे परीक्षण

इटलीच्या दक्षिणेस, पुलिया प्रांतात, बारी शहराच्या नैर्ऋत्येला आल्ता मुर्जा नावाचे चुनखडकाचे विस्तीर्ण पठार आहे. गेल्या एप्रिलच्या अखेरीस मी आणि माझ्या चुलतभावाने आल्तामुरा गावातील एका लहान सायकल दुकानामार्फत या पठारावर तीन दिवस माउंटन बाइक चालवली. सायकल, हेल्मेट, मार्गदर्शक आणि दुपारचे जेवण धरून माणशी २७० युरो घेतले गेले. पैसे वसूल झाले का, या प्रश्नाला माझे उत्तर होय असेच आहे. मात्र दोन बाबतींत या दुकानाने अधिक काळजी घ्यायला हवी होती, आणि त्या स्पष्टपणे सांगायच्या असल्यामुळे दुकानाचे नाव येथे देत नाही. पुढे जे लिहिले आहे, ते या भागात सायकल भाड्याने देणाऱ्या कोणालाही विचारता येईल.

सह्याद्रीतले घाट चढण्याची सवय असलेल्या माणसाला या पठाराचे आकडे किरकोळ वाटतात. सर्वांत उंच जागाही ७०० मीटरच्या आतच आहे, आणि चढ लांबलचक असले तरी छातीवर येणारे नाहीत. येथला कस लागतो तो दगडाशी. मुर्जा हा शब्दच अणकुचीदार दगड या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आल्याचे सांगतात. आपला काळा बेसॉल्ट झिजून गोलसर होतो. हा चुनखडक मात्र पावसाच्या पाण्यात विरघळतो, आणि विरघळताना त्यावर पन्हळी पडून दोन पन्हळींच्या मधली कड सुरीसारखी उभी राहते. म्हणून येथे दुकानदाराकडे सायकल कोणत्या कंपनीची आहे हे विचारण्याआधी टायर कोणता आहे हे विचारावे. आम्हाला दिलेल्या सायकलींना जाड बगलांचे, २.३५ इंच रुंदीचे ट्यूबलेस टायर होते, आणि निघण्यापूर्वी मार्गदर्शकांनी आमची वजने विचारून प्रत्येक टायरमधली हवा स्वतः मोजली. ते पन्नाशी ओलांडलेले, कमी बोलणारे गृहस्थ होते, पण हवा मोजताना त्यांनी जराही घाई केली नाही.

त्या काळजीचे मोल दुसऱ्या दिवशी कळले. १९८० च्या दशकापासून या पठारावर मोठमोठी यंत्रे लावून खडकाळ कुरणे अक्षरशः दळण्यात आली, जेणेकरून त्या जागी गहू पेरता यावा. अनुदानाच्या आधाराने चाललेल्या या कामात मेंढ्यांची शेकडो वर्षांची चराऊ जमीन गेली, आणि उघडी पडलेली पातळ माती पावसाबरोबर वाहून जाऊ लागली. अशाच एका शेताच्या कडेने जाताना वाटेवर ताज्या फुटलेल्या दगडांची खडी लागली. झिजलेल्या खडकापेक्षा या खडीच्या कडा कितीतरी तीक्ष्ण असतात. माझ्या मागच्या टायरच्या बगलेला दीड बोट लांबीची चीर पडली आणि आतले पांढरे सीलंट, म्हणजे छिद्रे बुजवणारा द्रव, फवाऱ्यासारखे माझ्या पोटरीवर उडाले. मार्गदर्शकांनी टोच्याला रबराची चिकट वात अडकवली, चिरेत दाबून भरली, तिच्या शेजारी दुसरी भरली, बाहेर राहिलेली टोके कापली आणि पंपाने हवा भरली. सगळे मिळून सहा-सात मिनिटे लागली. त्यानंतर सफर संपेपर्यंत तो टायर टिकला. अशा दुरुस्तीचे सामान बरोबर नसेल तर येथे माणूस दहा किलोमीटर सायकल ढकलत जाईल, कारण मैलोन्मैल वस्ती नाही.

आता पहिली तक्रार. आपल्याकडे सायकलवर आणि स्कूटरवर उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो. आम्हाला दिलेल्या सायकलींवर तो डाव्या हाताला होता, आणि ही गोष्ट आम्हाला कोणीही सांगितली नाही. पहिल्याच उतारावर मागचा ब्रेक समजून मी डावा ब्रेक दाबला, पुढचे चाक जागच्या जागी अडले आणि मी हँडलवरून पुढे फेकला गेलो. तळहात आणि कोपर सोलवटले, एवढ्यावर निभावले. दुकानाने त्याच संध्याकाळी दोन्ही सायकलींच्या डाव्या ब्रेकवर लाल पट्टी लावून दिली आणि मनापासून दिलगिरी व्यक्त केली, हे नोंदवायला हवे. परंतु भारतातून येणाऱ्या पाहुण्याला ही सूचना सायकल हाती देतानाच मिळाली पाहिजे.

दुसरी तक्रार पाण्याची. चुनखडकाच्या प्रदेशात पाऊस पडतो, पण पाणी भेगांतून थेट खाली उतरते, त्यामुळे पठारावर ओढा नाही, नदी नाही आणि वाटेत भरून घ्यावे असे झरेही नाहीत. सेले नदीच्या उगमाचे पाणी डोंगरापलीकडून आणणारा जलवाहिनीचा प्रकल्प १९१५ मध्ये बारीपर्यंत पोहोचला, त्याआधी या भागातील माणसे आणि जनावरे बव्हंशी पावसाच्या साठवलेल्या पाण्यावरच जगत होती. हे सर्व मार्गदर्शकांनी फार सुंदर समजावून सांगितले, पण दुकानाकडून आगाऊ आलेल्या पत्रात मात्र प्रत्येकी एक बाटली आणावी एवढेच लिहिले होते. एप्रिलच्या उन्हातही ती दुपारपूर्वी संपली आणि दोनदा मार्गदर्शकांच्या पाण्यात वाटेकरी व्हावे लागले. जाणाऱ्याने किमान तीन लिटर पाणी पाठीवर घ्यावे. जुलै-ऑगस्टमध्ये तर जाऊच नये.

पहिल्या दिवशीचे ठिकाण आल्तामुराचा पुलो हे होते. चुनखडक विरघळून जमीन खचल्याने तयार झालेले हे प्रचंड गोल विवर सुमारे ५०० मीटर रुंद आणि ७५ मीटर खोल आहे. पठारावरून येताना ते शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही, आणि मग एकाएकी पायांखालची जमीन संपते. काठावर सायकली आडव्या ठेवून आम्ही बराच वेळ बसलो. त्याच दिवशी लामालुंगा गुहेची हकीकत ऐकली: १९९३ मध्ये गुहासंशोधकांना तेथे निअँडरथल मानवाचा सांगाडा सापडला, आणि त्यावर चुन्याचे थर असे जमले आहेत की तो आजही जागचा हलवलेला नाही. जो दगड टायर फाडतो, त्यानेच हा सांगाडा लाखाहून अधिक वर्षे जपला.

दुसऱ्या दिवशीचा मार्ग कास्तेल देल मोन्ते या किल्ल्यापर्यंत होता. तेराव्या शतकात सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने बांधलेली ही वास्तू अष्टकोनी आहे, तिला आठ बुरूज आहेत, आणि १९९६ पासून ती जागतिक वारसा यादीत आहे. खरे सांगायचे तर किल्ल्यापेक्षा मला वाटेतले गडगे अधिक भावले. कोकणातल्या गडग्यांसारखेच हेही चुन्यामातीशिवाय, नुसते दगडावर दगड बसवून रचलेले असतात. बाहेरच्या दोन्ही अंगांना मोठे दगड आणि पोटात बारीक भर, अशी त्यांची रचना आहे. ही कला २०१८ मध्ये इटलीसह आठ देशांच्या नावे युनेस्कोच्या यादीत घेतली गेली. वाटेत मेंढ्यांचे वाडे लागतात, त्यांना येथे यात्सो म्हणतात. कळप असेल तेथे मोठे पांढरे राखणदार कुत्रे असतातच. ते धावून आले तेव्हा मार्गदर्शकांनी आम्हाला खाली उतरायला लावले, सायकल स्वतःच्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरून, नजर न भिडवता, हळूहळू चालत जायला सांगितले. धनगरांच्या वाड्यावरून गेलेल्या माणसाला हा शहाणपणा नवा नाही.

जेवणाबद्दल मुद्दाम लिहितो, कारण आम्ही दोघेही शाकाहारी आहोत आणि धाकधूक होती. दुपारचे जेवण एका जुन्या मास्सेरियात, म्हणजे शेतावरच्या दगडी वाड्यात झाले. आल्तामुराच्या पावाला २००३ मध्ये युरोपीय संघाचे उत्पत्तिस्थानाचे संरक्षण मिळाले. तो कडक गव्हाच्या बारीक दळलेल्या रव्याचा असतो. आतून पिवळसर, आणि साल इतकी जाड की दातांना काम पडते. शिळा झालेला हाच पाव पाण्यात भिजवून, टोमॅटो, कांदा आणि ऑलिव्हचे तेल घालून कालवतात, त्याला च्यालेद्दा म्हणतात. शिळ्या भाकरीचा कुस्करा आवडणाऱ्याने तो अवश्य मागून घ्यावा. सोबत बाकल्याच्या डाळीचा गोळा आणि कडवट पालेभाजी होती. तिखट मात्र काही नाही.

तिसरा दिवस स्पिनात्सोलाजवळच्या बॉक्साइटच्या बंद खाणीसाठी राखला होता, आणि दुकानाने हा मार्ग शेवटी ठेवला हे फार योग्य केले. दोन दिवस डोळ्यांना पांढरा दगड आणि हिरवे गवत एवढेच पाहायची सवय झालेली असते, आणि अचानक समोर तांबडाभडक, पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेला खड्डा येतो. माझ्या भावाच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "जांभा!" हाच. रत्नागिरीच्या माणसाने दुसरे काय म्हणावे? मार्गदर्शकांनी तो शब्द दोनदा विचारून घेतला आणि खाणीच्या काठावरचा एक लाल खडा उचलून, हातात फिरवत, स्वतःशीच म्हणून पाहिला. मग खडा जागेवर ठेवून त्यांनी सवयीप्रमाणे अंगठ्याने आमचे चारही टायर दाबून पाहिले, आणि आम्ही परत निघालो.