पहिली इलेक्ट्रिक गाडी: युरोपात बनलेली घ्यावी की चीनमध्ये बनलेली?

जर्मनीत किंवा शेजारी नेदरलँड्स-बेल्जियममध्ये राहून पंचवीस-तीस हजार युरोत पहिली इलेक्ट्रिक गाडी घ्यायचीय असं ठरवलं असेल तर फिरून फिरून दोनच पर्याय उरतात, एक युरोपात बनलेली छोटी गाडी आणि दुसरी तेवढ्याच पैशात चीनहून आलेली एक साइज मोठी गाडी. मी या दोन्हींमध्ये बरेच महिने अडकलो होतो आणि शेवटी युरोपात बनलेली छोटी रेनो 5 घेतली. का घेतली ते लिहितोय, पण चिनी गाड्या वाईट असतात असं मला अजिबात म्हणायचं नाहीये. बॅटरी किती, रेंज किती, चार्जिंग किती किलोवॉट हे तुम्ही आधीच बघून ठेवलेलं असणार, ते परत लिहीत नाही.

आधी एक गोष्ट क्लिअर करू, बोनेटवरचा लोगो बघून गाडी कुठली ते कळत नाही. नवीन इलेक्ट्रिक मिनी कूपर चीनमध्ये बनते, कुप्राची तावास्कान फोक्सवॅगनच्या चीनमधल्या प्लांटमधून येते, टेस्लाची मॉडेल 3 शांघायहून येते आणि तिचीच बहीण मॉडेल वाय बर्लिनजवळच्या ग्र्युनहाइडेमध्ये बनते. ब्रुसेल्सने, म्हणजे युरोपियन युनियनने, 30 ऑक्टोबर 2024 पासून जो जादा टॅरिफ लावला तो गाडी कुठे बनली त्यावर आहे, ब्रँड कुणाचा त्यावर नाही, फक्त दर बनवणाऱ्या कंपनीप्रमाणे वेगवेगळा आहे. चीनच्या बीवायडीला 17 टक्के, गीलीला 18.8, एमजीची मालक असलेल्या साइकला 35.3, आणि आधीचे 10 टक्के सगळ्यांना आहेतच. म्हणजे एमजीवर झाले 45.3 टक्के! इतकं ऐकलं की वाटतं चिनी गाड्या आता परवडणारच नाहीत, पण शोरूममध्ये जाऊन बघा, किमती तेवढ्या वाढलेल्या मला तरी दिसल्या नाहीत, बराचसा भार कंपन्यांनी स्वतःच सोसला असावा. शिवाय हा टॅरिफ फक्त पूर्ण इलेक्ट्रिक गाड्यांवर आहे, त्यामुळे प्लग-इन हायब्रिड तिकडून आरामात येतायत.

गंमत म्हणजे या टॅरिफच्या विरोधात मत देणाऱ्या पाच देशांत खुद्द जर्मनी होता. दहा बाजूने, पाच विरोधात, बारा तटस्थ असा तो निकाल. जर्मन कंपन्यांची कमाई कितीतरी वर्षं चीनच्या मार्केटवर उभी होती, तिथून उलटा फटका बसेल ही भीती खरीच होती. फ्रान्सने मात्र वेगळी वाट काढली, डिसेंबर 2023 पासून सबसिडीसाठी गाडी बनवताना कार्बन किती झाला याचे गुण लावले, आणि चीनमध्ये बनलेल्या गाड्या, अगदी रेनोच्याच घरातली डाचिया स्प्रिंगसुद्धा, त्या यादीतून बाहेर पडल्या. जर्मनीत त्याच महिन्यात उलटं झालं, कोर्टाने बजेटमधले 60 अब्ज युरो अडवल्यावर सबसिडी एका दिवसाच्या नोटिशीत बंद केली आणि 2024 मध्ये इलेक्ट्रिक गाड्यांची विक्री सत्तावीस टक्क्यांनी पडली. मला विचाराल तर फ्रान्सचा मार्ग जास्त विचारपूर्वक होता, कोणाला हाकलायचं हे सांगण्यापेक्षा काय हवंय ते सांगितलं.

असो, गाडीकडे येतो. कागदावर चिनी गाडीच जिंकते, हे मान्य करायलाच हवं. मागे पाय पसरून बसता येतं, डिकी मोठी, सीट गरम होतात, कॅमेरे चारही बाजूंनी, आणि हे सगळं बेस मॉडेलमध्येच. एमजी तर सात वर्षांची वॉरंटी देते. रेनो 5 मध्ये मागे उंच माणूस बसला की गुडघे पुढच्या सीटला लागतात, पुण्याहून आईबाबा येतात तेव्हा हे जाणवतं आणि बाबा तसं बोलूनही दाखवतात. किंमत का जुळत नाही याचं कारणही लपलेलं नाही, जगातल्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या निम्म्याहून जास्त बॅटऱ्या एकट्या सीएटीएल आणि बीवायडी या दोन चिनी कंपन्यांच्या असतात, आणि इकडे युरोपची मोठी आशा असलेली स्वीडनची बॅटरी कंपनी नॉर्थव्होल्ट मार्च 2025 मध्ये दिवाळखोरीत गेली. वर वीज महाग, युरोपियन सेंट्रल बँकेचे माजी प्रमुख मारिओ ड्रागी यांच्या अहवालात युरोपातल्या कंपन्यांना पडणारा विजेचा दर अमेरिकेच्या दोन ते तीन पट सांगितलाय.

मग तरी मी लहान गाडी का घेतली? तर त्या बीपमुळे.

ज्यांनी अजून नवीन गाडी चालवली नाहीये त्यांच्यासाठी सांगतो, जुलै 2024 पासून युरोपात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नवीन गाडीत स्पीड लिमिट ओलांडली की सावध करणारी सिस्टिम सक्तीची आहे, आणि ती बंद केली तरी गाडी पुन्हा चालू केली की परत ऑन झालीच पाहिजे असा नियम आहे. नियम सगळ्यांना सारखा, रेनोला पण आणि चिनी कंपनीला पण. पण नियम कसा पाळायचा हे कंपनीवर असतं, आणि तिथेच सगळा फरक पडतो.

मी एका लाँग वीकेंडला एका चिनी कंपनीची गाडी भाड्याने घेतली होती. नाव लिहीत नाही, कारण एका गाडीवरून कंपनीला नावं ठेवणं बरं नाही आणि आता अपडेट येऊन सुधारलंही असेल. तिचा कॅमेरा काय काय वाचायचा! ऑटोबानवर, म्हणजे इथल्या हायवेवर, बाहेर पडणाऱ्या रॅम्पवरचा 60 चा बोर्ड वाचून मी सरळ जात असताना बीप. पुढच्या बसच्या पाठीवर 100 चा गोल स्टिकर असतो तो वाचून बीप. 'पाऊस असेल तर 80' असा जो बोर्ड असतो, त्याच्या खालची पाटी न वाचता कडक उन्हात बीप. गावातून जाताना रात्री दहा ते सकाळी सहा 30 ची लिमिट, आणि ही दुपारी बारा वाजता बीप. त्यात ड्रायव्हरवर नजर ठेवणारा कॅमेरा वेगळाच, मागे मुलगी रडली म्हणून आरशात बघितलं की तो पण वाजणार. मुलगी मागे जेमतेम झोपलीय आणि समोर टिंग टिंग टिंग. बंद करायचं तर स्क्रीनवर मेनू, मेनूत सेटिंग, सेटिंगमध्ये आणखी एक पान, मग बटण, मग 'नक्की ना?' असा प्रश्न, आणि हे चालत्या गाडीत नजर रस्त्यावरून काढून. पेट्रोल पंपावर कॉफीला थांबलात की सगळं पहिल्यापासून. माझी बायको एरवी अशा गोष्टींकडे लक्ष देत नाही, पण त्या प्रवासात ती म्हणाली की गाडी छान आहे पण ही आपल्याला रोज नको.

रेनोमध्ये स्टिअरिंगच्या डावीकडे एक खरंखुरं बटण आहे. आपल्याला काय चालू हवंय काय नको ते एकदा सेट करून ठेवायचं, आणि गाडी चालू केल्यावर ते बटण दोनदा दाबायचं, संपलं, स्क्रीनकडे बघायचीही गरज नाही. आणि मुळात बोर्ड चुकीचा वाचण्याचं प्रमाण माझ्या वापरात तरी खूपच कमी आहे. मी काही मोजून बघितलं नाही, रोज ऑफिस आणि डे-केअर या रस्त्यावरचा अनुभव सांगतोय, तुमच्याकडे वेगळा असू शकतो.

मी स्वतः इथे श्टुटगार्टजवळ एका सप्लायर कंपनीत आहे, त्याआधी चाकणला होतो, त्यामुळे हे कशामुळे होतं याची थोडीफार कल्पना आहे. कॅमेरा बऱ्याचदा त्याच दोन-चार कंपन्यांचा असतो. फरक पडतो तो कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे कोणीतरी महिनोन्महिने हेच रस्ते, हेच बोर्ड, धुकं, बांधकामाच्या पिवळ्या रेषा यातून गाडी चालवत चुका नोंदवत बसलेलं असतं. हे काम डिस्काउंटमध्ये दिसत नाही. आणि नेमकी हीच माणसं सध्या कमी होतायत. गाड्यांचे भाग बनवणाऱ्या झेडएफने 2028 पर्यंत जर्मनीत 14,000 पर्यंत नोकऱ्या कमी करायचं जाहीर केलंय, बॉशने सप्टेंबर 2025 मध्ये आणखी 13,000 सांगितल्या, फोक्सवॅगनचा 2030 पर्यंत 35,000 चा करार तर डिसेंबर 2024 मध्येच झालाय, ऑडीचा ब्रुसेल्सचा प्लांट फेब्रुवारी 2025 मध्ये कायमचा बंद झाला. यात आपली पुणे-नाशिककडची मुलं पण आहेत, ज्यांचा व्हिसा नोकरीवर आहे. सरकारं टॅरिफवर एवढं भांडतात, पण हे रोजचं बारीक काम करणाऱ्या लोकांना टिकवायचं कसं यावर फार कमी बोलणं होतं, आणि मला ते मनापासून खटकतं, कारण युरोपच्या गाडीत आज पैसे मोजण्यासारखं जे काही उरलंय ते हेच आहे.

युरोपची म्हणजे शंभर टक्के युरोपची असंही समजू नका हां. माझी गाडी उत्तर फ्रान्सच्या दुएमध्ये बनते, तिची बॅटरी तिथेच शेजारी बनवणारी एईएससी ही चीनच्या एनव्हिजन ग्रुपची आहे. रेनोचीच नवीन इलेक्ट्रिक ट्विंगो स्लोव्हेनियात बनते, पण तिचं बरंचसं डेव्हलपमेंट शांघायमध्ये झालं आणि म्हणूनच दोन वर्षांच्या आत झालं. आणि बीवायडी हंगेरीत सेगेदला प्लांट उभारतेय, म्हणजे उद्या 'युरोपात बनलेली' चिनी गाडी टॅरिफशिवाय मिळेल. ते मला चालेल, उलट इथल्या रस्त्यांवर इथली माणसं लावून गाडी तयार करणार असतील तर ही बीपची कटकट पण जाईल अशी आशा आहे.

आणखी एक, या परवडणाऱ्या छोट्या गाड्या आपोआप आल्या नाहीत. 2025 साठी प्रत्येक कंपनीच्या नव्या गाड्यांच्या सरासरी सीओटूची युरोपभरची पातळी किलोमीटरला 93.6 ग्रॅम ठरली, चुकलात तर प्रत्येक ग्रॅममागे प्रत्येक गाडीला 95 युरो दंड, म्हणून रेनो 5, स्लोव्हाकियात बनणारी सिट्रोएन ई-सी3 वगैरे वेळेत बाजारात आल्या. नंतर ते टार्गेट तीन वर्षांच्या सरासरीवर नेऊन सैल केलं, आणि डिसेंबर 2025 मध्ये युरोपियन कमिशनने 2035 पर्यंत नव्या गाड्यांचा सीओटू 100 टक्के कमी करायचं टार्गेट 90 टक्क्यांवर आणायचा प्रस्ताव मांडला. कंपन्यांना श्वास घ्यायला वेळ हवा हे समजतं, पण दर वर्षी नियम हलवला तर जी कंपनी वेळेवर तयार झाली तिचंच नुकसान होतं असं माझं मत आहे.

तर कोणी काय घ्यावं? घरात तीन मुलं असतील, आजी-आजोबा वर्षातले सहा महिने इथेच असतील, आणि गाडी बहुतेक ठरलेल्या रस्त्यावरच चालणार असेल तर चिनी गाडी बघा, जागेच्या बाबतीत तिला या पैशात तोड नाही, फक्त बंपर-सेन्सरसारखे पार्ट तुमच्या गावात किती दिवसांत मिळतात ते आधी वर्कशॉपला विचारून घ्या. एक मूल, रोजचं शहर, अधूनमधून ऑटोबान, असं असेल तर मी दुएच्या, म्हणजे रेनो 5 च्या बाजूने आहे. आणि टेस्ट ड्राइव्हला सेल्समन नेतो त्या रस्त्याने जाऊ नका, एखादं बांधकाम चालू असलेलं आणि वेळेप्रमाणे लिमिट बदलणारं गाव शोधा, मध्ये गाडी पूर्ण बंद करून परत चालू करा, आणि त्याला काहीही न विचारता ती बीप स्वतः बंद करून बघा.